नर्सेससाठी परदेशाचा रस्ता: स्टुडंट व्हिसा घ्यायचा की स्किल्ड?

गेल्या पावसाळ्यात एका ज्युनिअरने मला व्हॉट्सअॅपवर ऑफर लेटर पाठवलं. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत नर्सिंगची एक वर्षाची एमएस्सी, फी १६,००० पौंड, सप्टेंबर इनटेक. खाली तिचा मेसेज होता: 'ताई, विरारचा फ्लॅट तारण ठेवून लोन होतंय. डिपॉझिट भरू का? शुक्रवारपर्यंतच सीट आहे म्हणतात.' मुलगी बीएस्सी नर्सिंग झालेली, पाच वर्षं आयसीयूत काढलेली, व्हेंटिलेटरचा पेशंट एकटीने सांभाळणारी. मी तिला कन्सल्टंटला एकच प्रश्न विचारायला सांगितला: हा कोर्स संपल्यावर तिथली नर्सिंग कौन्सिल मला नर्स म्हणून रजिस्टर करणार का?

उत्तर आलं, 'मॅडम, आधी तिथे पोहोचा तर खरं.'

तिने डिपॉझिट भरलं नाही. हा लेख तिच्यासारख्याच सगळ्यांसाठी आहे. मी स्वतः परळच्या वॉर्डांत बारा वर्षं काढली, नंतर इंग्लंडमध्ये काम केलं, आणि आता मुंबईत परत येऊन मुलींना कागदपत्रांसाठी मदत करते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो: 'स्टुडंटवर जाऊ की स्किल्डवर?' म्हणजे तिथे शिकायला जाऊन मग नोकरी शोधायची, की हातातल्या शिक्षण-अनुभवावर थेट नर्सच्या कामाच्या व्हिसावर जायचं. माझं उत्तर आधीच सांगते. तुमच्याकडे बीएस्सी, चालू रजिस्ट्रेशन आणि कामाचा अनुभव असेल तर बहुतेक देशांसाठी स्किल्डचाच रस्ता बघा. स्टुडंट व्हिसा काही ठरावीक परिस्थितीतच खरा उपयोगी पडतो. ती परिस्थिती तुमची आहे का, हे तपासायचं कसं, ते पुढे लिहिते.

दोन परवाने वेगळे आहेत, हे आधी डोक्यात बसवा

परदेशात नर्स म्हणून काम करायला दोन गोष्टी लागतात. एक, त्या देशात राहायचा आणि काम करायचा परवाना, म्हणजे व्हिसा. दुसरी, तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, म्हणजे लायसन्स. इंग्लंडमध्ये ते नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, देते, ऑस्ट्रेलियात आप्रा, आयर्लंडमध्ये एनएमबीआय. व्हिसा सरकार देतं, लायसन्स कौन्सिल देते, आणि एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

सगळा घोळ इथेच होतो. 'एमएस्सी नर्सिंग' हे नाव वाचून आपल्याला वाटतं की नर्सिंगचाच कोर्स आहे, म्हणजे नर्स होणारच. पण परदेशी विद्यार्थ्यांना विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एमएस्सी या आधीच रजिस्टर असलेल्या नर्सेसच्या पुढच्या शिक्षणासाठी असतात. त्या कोर्समधून रजिस्ट्रेशन मिळत नाही. रजिस्ट्रेशन देणारा कोर्स वेगळा असतो, त्याला प्री-रजिस्ट्रेशन प्रोग्राम म्हणतात, त्यात वॉर्डातली ट्रेनिंग सक्तीची असते, आणि त्या कोर्सचं नाव कौन्सिलच्या मंजूर यादीत सापडतं. एनएमसीच्या वेबसाइटवर ती यादी आहे, आप्राच्या वेबसाइटवर 'अप्रूव्ह्ड प्रोग्राम्स ऑफ स्टडी' या नावाने आहे. ऑफर लेटरवरचं कोर्सचं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर त्या यादीत शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. ते नाव यादीत नसेल तर तो कोर्स करूनही तुम्हाला लायसन्ससाठी तोच रस्ता चालावा लागेल, जो तुम्ही कोर्स न करता इथे मुंबईत बसून सुरू करू शकला असता.

पहिलं काम: स्वतःची फाइल उघडा

देश ठरवण्याआधी एक रविवार काढा आणि घरातले सगळे कागद जमिनीवर मांडा.

सगळ्यात आधी नाव बघा. आपल्याकडे ही अडचण इतक्या जणींना येते की मी ती पहिली तपासते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. डिप्लोमावर कधी आईचं नावही जोडलेलं. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, कारण ते लग्नाआधी झालं. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. परदेशातल्या कौन्सिलच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. एका मुलीची फाइल याच एका कारणासाठी चार महिने अडकली होती. लग्नाचं सर्टिफिकेट आणि गरज असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद, या दोन गोष्टी आधी तयार ठेवा. ज्यांचं लग्न व्हायचंय आणि वर्षभरात बाहेर जायचंय, त्यांनी शक्यतो पासपोर्टवरचं नाव बदलू नये असं मी स्पष्ट सांगते. पुढे घरच्यांशी बोलून ठरवा, पण प्रक्रिया मध्यावर असताना नाव बदलू नका.

मग शिक्षण. बीएस्सी केलं असेल तर ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून येईल, एसएनडीटीच्या नर्सिंग कॉलेजमधून केलं असेल तर एसएनडीटीकडून, आणि जीएनएमचे, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचे, कागद बोर्डाकडून व कॉलेजकडून. ट्रान्सक्रिप्टमध्ये थिअरीचे तास आणि क्लिनिकलचे तास विषयवार लिहिलेले हवेत. नुसती मार्कांची यादी परदेशी कौन्सिलला चालत नाही. कॉलेजच्या क्लार्कने 'हे आम्ही देत नाही' म्हटलं तर प्रिन्सिपल मॅडमना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रजिस्ट्रेशनसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण. परदेशी कौन्सिल 'गुड स्टँडिंग', म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला, किंवा व्हेरिफिकेशन मागते आणि ते आपल्या कौन्सिलकडून थेट त्यांच्याकडे जावं लागतं. तुम्ही स्वतः पाकिटात घालून पाठवलेलं धरत नाहीत.

शेवटी अनुभव. लेटरवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वॉर्ड, पूर्णवेळ होतं की नाही, आणि मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंटची सही-शिक्का हवा. 'शी वर्क्ड हिअर अँड हर कॅरेक्टर इज गुड' एवढंच लिहिलेलं लेटर कुठेच उपयोगी पडत नाही. मसुदा स्वतः टाइप करून घेऊन जा, मेट्रनना सही करणं सोपं जातं.

एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगते: ओरिजिनल सर्टिफिकेट कुठल्याही हॉस्पिटलकडे ठेवू नका. माझ्या पहिल्या नोकरीत बॉन्डच्या नावाखाली माझं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ठेवून घेतलं होतं. ते परत मिळवायला मला सात महिने हेलपाटे घालावे लागले, आणि त्या सात महिन्यांत एक चांगली संधी गेली. अटेस्टेड झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या.

स्टुडंट व्हिसा खरं म्हणजे काय देतो

स्टुडंट व्हिसा तुम्हाला वर्गात बसायची परवानगी देतो, आणि सोबत मर्यादित तास काम करायची. इंग्लंडमध्ये टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास. लायसन्स नसताना त्या तासांत तुम्ही नर्स म्हणून काम करू शकत नाही. केअर असिस्टंट म्हणून करता, म्हणजे अंघोळ घालणं, भरवणं, बेड करणं. हे काम कमी प्रतीचं नाही, मी स्वतः मनापासून केलेलं आहे. पण आयसीयूची पाच वर्षं हातात असताना त्यासाठी तीस लाख मोजायचे का, हा हिशोब ज्याने त्याने करावा.

आणि हिशोब खरोखर मांडा, कागदावर. इंग्लंडची एक वर्षाची एमएस्सी घ्या. फी १६,००० पौंड. लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी खात्यात दाखवायचे साडेदहा हजार पौंडांच्या आसपास, ९ महिन्यांचे. व्हिसाची फी २०२५ मध्ये ५२४ पौंड होती. त्यावर आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पौंड. तिकीट, पहिलं भाडं, थंडीचे कपडे वेगळे. सगळं मिळून तीस लाख रुपयांच्या पुढे जातं. त्यातले २० लाख लोन काढले, ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात येतो. मुंबईतल्या कित्येक खासगी हॉस्पिटलांत स्टाफ नर्सच्या हातात येणारा पगार तेवढाच आहे. परत यावं लागलं तर तो हप्ता कशातून जाईल, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. त्यापुढे बँक घर किंवा जमीन मागते, आणि ते घर बहुतेक वेळा आईवडिलांच्या नावावर असतं.

आता कोर्स न करता एनएमसीचं रजिस्ट्रेशन थेट केलं तर काय खर्च येतो ते बघा. अर्जाची तपासणी १४० पौंड, सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, ८३, ओएससीई, म्हणजे तिथे द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, ७९४, रजिस्ट्रेशन १५३. एकूण १,१७० पौंड, म्हणजे सव्वा ते दीड लाख रुपये. त्यातला ओएससीईचा खर्च बऱ्याचदा नोकरी देणारं हॉस्पिटल उचलतं. नर्सच्या नोकरीसाठी मिळणाऱ्या हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर आरोग्य अधिभार पूर्ण माफ आहे.

लेकरं असलेल्यांनी आणखी एक वाचावं. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये एमएस्सीसारख्या शिकवणीच्या कोर्सला गेलेल्या विद्यार्थ्यांना नवरा-बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. ती सोय फक्त संशोधनाच्या कोर्सला उरली आहे. नर्स म्हणून हेल्थ अँड केअर व्हिसावर गेलात तर कुटुंब नेता येतं. तीन वर्षांच्या मुलाला सासूबाईंकडे ठेवून गेलेल्या मुलीला हा फरक आधी कोणी सांगितला नव्हता. ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला झोपवते.

आणि कोर्स अर्धवट टाकून स्किल्डवर उडी मारता येत नाही. जुलै २०२३ पासून इंग्लंडमध्ये कोर्स पुरा होईपर्यंत वर्क व्हिसावर बदल करता येत नाही. 'तिथे गेल्यावर केअर होममध्ये स्पॉन्सरशिप मिळेल' असं कोणी सांगत असेल तर हेही ऐका: केअर वर्करच्या कामासाठी परदेशातून नवीन माणसं आणणं २२ जुलै २०२५ पासून बंद झालं आहे. रजिस्टर्ड नर्सची जागा मात्र अजून स्किल्डच्या यादीत आहे.

तरी स्टुडंट व्हिसा कोणी घ्यावा

मी स्टुडंट व्हिसाच्या विरोधात नाही. पुढच्यांपैकी काही तुमच्या बाबतीत खरं असेल तर तो विचार करा.

तुम्ही जीएनएम आहात, ऑस्ट्रेलियाच मनात पक्कं आहे, आणि बॅचलरची पदवी नाही. ऑस्ट्रेलिया बॅचलर पातळीचं शिक्षण मागतं. अशांना दोन पर्याय राहतात: इथे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करणं, किंवा तिथे मंजूर यादीतला प्री-रजिस्ट्रेशन कोर्स करणं. पैसा कमी असेल तर मी पोस्ट बेसिकच सुचवते. नोकरी सांभाळून होत नाही, हे खरं, पण कर्जाचं ओझं मानेवर येत नाही.

लग्न, बाळंतपण, घरचं आजारपण यात सहा-सात वर्षं गेली आणि वॉर्डात पाय ठेवलेला नाही. कौन्सिलांना ताजा अनुभव हवा असतो. तिथे प्री-रजिस्ट्रेशन कोर्स करणं हा मार्ग आहे, पण आधी इथे एखाद्या हॉस्पिटलात पुन्हा रुजू होऊन वर्षभर काम करून बघा. खर्च शून्य, आणि हात परत बसतो.

तुम्हाला बेडसाइड सोडून पब्लिक हेल्थ, संशोधन किंवा शिकवण्याकडे जायचंय. तेव्हा एमएस्सी हीच गरज आहे, लायसन्स नव्हे.

वयाकडे मात्र नीट बघा. ऑस्ट्रेलियात शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या टेम्पररी ग्रॅज्युएट व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी ३५ झाली आहे. ३४ व्या वर्षी दोन वर्षांचा कोर्स सुरू केलेली मुलगी तो संपेपर्यंत त्या मर्यादेच्या बाहेर गेलेली असते. त्याउलट स्किल्डवर कायम राहायचा परवाना (पीआर) मिळवण्याच्या रस्त्यातल्या १८९, १९० आणि ४९१ व्हिसाला ४५ पर्यंत अर्ज करता येतो. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५. आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाची नुसती अर्जाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर आहे. लाखाच्या वर जाते, आणि व्हिसा नाकारला तर परत मिळत नाही.

देशवार, थोडक्यात आणि माझ्या मताने

इंग्लंडचा रस्ता सगळ्यात सरळ आखलेला आहे. भाषेची परीक्षा, मग सीबीटी जी मुंबईतच देता येते, मग नोकरी, व्हिसा, आणि तिथे पोहोचल्यावर ओएससीई. ओएससीईत दहा स्टेशन असतात. आपल्या मुली तिथे ज्ञानात कमी पडत नाहीत, बोलण्यात पडतात. आपण वॉर्डात औषध देताना मनात तपासतो, फाइल बघतो, देतो. तिथे परीक्षकाला ऐकू गेलं पाहिजे: रुग्णाचं नाव विचारा, जन्मतारीख विचारा, मनगटावरचा बँड वाचा, अॅलर्जी तोंडाने विचारा, औषधाचं नाव-डोस-वेळ मोठ्याने वाचा. हात धुतले हे दिसलं नाही तर गुण गेले. आजपासून आपल्या वॉर्डात असंच करायची सवय लावा, तीन महिन्यांत अंगात भिनतं. मात्र एक खरं सांगायला हवं: २०२४ पासून एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, परदेशातली भरती बरीच आटली आहे. पूर्वीसारखी महिन्यात ऑफर येत नाही. थिएटर, डायलिसिस, आयसीयू, मेंटल हेल्थ यातला अनुभव असेल तर प्रयत्न करा. तिथला अनुभव पुढेही उपयोगी पडतो: एप्रिल २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने इंग्लंड, आयर्लंडसारख्या काही देशांत रजिस्टर होऊन १,८०० तास काम केलेल्या नर्सेससाठी लायसन्सचा छोटा रस्ता उघडला आहे.

आयर्लंडबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथे स्टुडंटचा विचार करायचं कारणच नाही. एनएमबीआयचं निर्णयपत्र घ्या, मग अॅप्टिट्यूड टेस्ट किंवा हॉस्पिटलमधला अॅडाप्टेशन काळ. नर्सला क्रिटिकल स्किल्स परमिट मिळतं आणि जोडीदाराला तिथे काम करता येतं.

ऑस्ट्रेलियात थेट जायचं तर एनसीएलईएक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि नंतर तिथे जाऊन ओएससीई. पीआरसाठी एनमॅक या संस्थेचं स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण-अनुभवाची तपासणी, वेगळं. कागद जास्त, पण एकदा झालं की मार्ग पक्का.

जर्मनीसाठी मी गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त मुलींना हो म्हटलंय, कारण इथे खर्च पैशाचा कमी आणि मेहनतीचा जास्त आहे. बहुतेक चांगले एम्प्लॉयर भाषेचा, तिकिटाचा आणि कागदांचा खर्च स्वतः करतात. तुमचं शिक्षण तिथे तपासतात, काय कमी आहे ते लेखी सांगतात, मग तुम्ही तिथे जाऊन पगारावर काम करत परीक्षा देता किंवा अॅडाप्टेशन कोर्स पुरा करता. पूर्ण लायसन्सला बहुतेक राज्यांत बी२ पातळीची जर्मन लागते. ड्यूटी सांभाळून शून्यापासून बी२ ला सव्वा वर्ष धरा. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात कोर्स आणि परीक्षा दोन्ही होतात. बी१, बी२ चे चार भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे ऐकण्यात नापास झालात तर तेवढाच परत द्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सिंग आहे.

जर्मनीतली एक फसगत मात्र ओळखा. आउसबिल्डुंग ही तीन वर्षांची पगारी ट्रेनिंग आहे, बारावी झालेल्या मुलामुलींसाठी उत्तम, सुरुवातीलाच महिन्याला १,३०० युरोंच्या आसपास किंवा वर मिळतात. तुमची धाकटी बहीण बारावी झाली असेल तर तिच्यासाठी जरूर बघा. पण बीएस्सी झालेल्या नर्सला आउसबिल्डुंगवर पाठवणारे एजंट मी पाहिले आहेत. जी पदवी हातात आहे तीच पुन्हा तीन वर्षं शिकायची, हे कोणी करू नये.

कॅनडात पीआर आणि लायसन्स एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक्सप्रेस एंट्री या गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेत २०२३ पासून आरोग्यसेवेसाठी वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) होतात, त्यामुळे लायसन्स येण्याआधीही पीआर मिळू शकतो; नर्सचं काम करायला मात्र एनसीएलईएक्स आणि प्रांताचं रजिस्ट्रेशन लागतंच. कॉलेजचे एक वर्षाचे पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट कोर्स लायसन्स देत नाहीत.

अमेरिकेचा पगार मोठा, पण भारतात जन्मलेल्यांसाठी नर्सेसच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या वर आहे. एनसीएलईएक्स मुंबईत देता येते, द्या, ऑस्ट्रेलिया-कॅनडालाही चालते. पण केवळ अमेरिकेच्या भरवशावर बसू नका.

भाषा: इथे घाई करू नका

एनएमसीला आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. किंवा ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. माझ्या अनुभवात मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना ओईटी जास्त जमते. आयईएलटीएसच्या लेखनात 'शहरांत गाड्या कमी कराव्यात का' असा निबंध येतो. ओईटीत एका पेशंटच्या केस नोट्स देतात आणि डिस्चार्जचं किंवा रेफरलचं पत्र लिहायला सांगतात. हे काम आपण हँडओव्हरमध्ये रोज करतो. काय महत्त्वाचं, काय वगळायचं, हे आपल्याला कळतं. ओईटी महाग आहे, आयईएलटीएस १८,००० रुपयांच्या आसपास. त्यामुळे तयारीशिवाय 'देऊन बघू' म्हणून कुठलीच देऊ नका. निकाल साधारण दोन वर्षं चालतो, म्हणून कागद तयार नसताना परीक्षा उरकूनही फायदा नाही.

एजंट कोणाचा माणूस आहे

शिक्षणाचे कन्सल्टंट आणि नोकरीला पाठवणारे रिक्रूटिंग एजंट यांचे धंदे वेगळे आहेत. कन्सल्टंटला कमिशन युनिव्हर्सिटी देते, तुम्ही अॅडमिशन घेतलीत की. म्हणून तो तुम्हाला स्टुडंट व्हिसाच सुचवणार. त्याच्या दुकानात दुसरा माल नाही. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, फक्त त्याचा सल्ला हा सल्ला आहे की विक्री, हे ओळखा.

नोकरीसाठी पाठवणाऱ्याला मात्र १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. त्याचा नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, समोर बसून तपासा. असा एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो, पावतीसह. पाच लाख, आठ लाख 'पॅकेज' मागणारा माणूस कायद्याच्या बाहेर आहे. इंग्लंडच्या एनएचएस भरतीत तर उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायचीच नसते. आखाती देशांसाठी लक्षात ठेवा: नर्सच्या पासपोर्टला ईसीएनआर (सरकारी क्लिअरन्सची गरज नाही असा दर्जा) असला तरी सौदी, कुवेत यांसारख्या १८ ईसीआर, म्हणजे क्लिअरन्स लागणाऱ्या, देशांत नोकरीसाठी जाताना ई-मायग्रेटवर क्लिअरन्स घ्यावाच लागतो. व्हिजिट व्हिसावर 'आधी या, मग बदलून घेऊ' असं कोणी म्हटलं तर जाऊ नका. तिथे अडकलेल्या मुलीला सोडवणं किती कठीण असतं, ते मी जवळून पाहिलंय.

कामाचा क्रम

नाव आणि फाइल. मग देश, कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः वाचून. मग भाषेचा क्लास, ड्यूटी चालू ठेवून. इन्चार्ज सिस्टरला विश्वासात घेतलं तर नाईट लावून देतात आणि दिवसा क्लास होतो. भाषा पास झाली की कौन्सिलचा अर्ज आणि परीक्षा. मग नोकरीचे इंटरव्ह्यू. नियम आणि फी बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक पायरीला सरकारी आणि कौन्सिलची वेबसाइट ताजी बघा, माझ्या लेखातल्या आकड्यांसह.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा केंद्रातून, ऑफर आल्यावरच काढा, आधी काढलं तर जुनं होतं. इंग्लंडला टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करावी लागते, मुंबईत ती आहेत. आपल्या हॉस्पिटलचा एक्स-रे चालत नाही. राजीनामा व्हिसाचा शिक्का हातात पडल्यानंतर. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर जॉइनिंगची तारीख मागताना तेवढे धरून मागा, चांगले एम्प्लॉयर देतात. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं लेटर शेवटच्या दिवशी हातात घेऊनच बाहेर पडा.

आणि निघायच्या आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय ते फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. तिकडे गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि पुढे दुसऱ्या देशात जायचं ठरलं की कौन्सिल पहिल्यांदा तेच विचारते: तुमचं मूळ रजिस्ट्रेशन चालू आहे का?